नवसाबाईंचा अहवाल

"हे मशीन किती जणांच्या हातात गेलं, ताई?" रविराजने विचारलं.

"बारा," हर्षाली म्हणाली. "मला धरून."

रविराज पुण्याहून मशीन परत न्यायला आला होता. हर्षालीने नाशिकरोडच्या आपल्या घरात त्याच्यापुढे चहा ठेवला होता, पण कपबशीचा आवाज अजून झाला नव्हता.

मशीन म्हणजे तळहातावर मावणारा, अंधांसाठी बनवलेला संगणक. वर लिहायला सहा बटणं, खाली अठरा अक्षरांची एक ओळ. त्या ओळीतून ब्रेलचे ठिपके वर यायचे, बोटाने वाचून झाले की खाली बसायचे आणि पुढचे उठायचे. रविराजच्या छोट्या कंपनीने असे चारच नमुने केले होते. त्यातला एक मिळावा म्हणून हर्षालीने चौदा महिने वाट पाहिली होती. दर महिन्याला फोन, दर महिन्याला "पुढच्या महिन्यात नक्की." जन्मापासून दिसत नसलेली हर्षाली एकलहऱ्याच्या वीज केंद्रात टेलिफोन ऑपरेटर होती, आणि ब्रेल वाचण्यात जिल्ह्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणूनच कंपनीने तिला निवडलं. देताना एका कागदावर सही घेतली. महिनाभर वापरा, अहवाल लिहा, दुसऱ्या कोणाला देऊ नका. मग पहिल्या खेपेतलं एक मशीन कायमचं तुमचं.

तीन दिवस तिने नियम पाळला. त्या तीन दिवसांत तिने बहिणीचे निरोप, बँकेचे मेसेज, सगळं स्वतः वाचलं. फोन वाचून दाखवायचाच, पण शेजारच्यालाही ऐकू जायचं. हे फक्त तिच्या बोटाला कळत होतं.

चौथ्या दिवशी रविवार होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत अंध मंडळींची बैठक भरायची. संगीत शिकवणारे भारत सर म्हणाले, "तुझ्या मशीनची आम्हीही वर्षभर वाट बघतोय, हर्षाली. आलं की सांग." गप्प बसायचं असं ती घरून ठरवून निघाली होती. तिने पर्स उघडली. बैठकीतला एकही विषय त्या दिवशी झाला नाही.

सगळ्यांच्या हातून फिरत मशीन शेवटी नवसाबाईंकडे आलं. त्या पेठजवळच्या एका पाड्यावरून एसटीने यायच्या. पस्तिशीत दृष्टी गेलेली. चाळिशी उलटल्यावर एका शिबिरात ब्रेल शिकल्या, तेही जाड पुठ्ठ्यावर उठवलेल्या मोठ्या अक्षरांवर. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. परत फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं.

"मला तं काय लागंना, ताई," त्या हसून म्हणाल्या. "भात लावून लावून बोटं मेली माझी. तुमी वाचा."

हर्षालीने त्यांचा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. सवयीने जमेल म्हणून तिने मशीन चार दिवस त्यांच्याबरोबर पेठला पाठवलं. नवसाबाईंनी ते कापडात गुंडाळून परत आणलं. एक अक्षर लागलं नव्हतं.

"तुमचा अहवाल उत्तम आहे," रविराज आता म्हणाला. "वेग, अचूकता, सगळं. पण त्यासोबत हा दुसरा कोणाचा?"

"नवसाबाईंचा. त्यांनी सांगितला, मी लिहिला."

"यात एकच वाक्य आहे." त्याने ते वाचलं. "ह्यात माझ्यासाठी काय लिवलेलंच नाय."

"त्यांना तेवढंच सांगायचं होतं."

रविराजने खुर्ची पुढे ओढली. "ताई, शुक्रवारी पैसे लावणारी मंडळी येतायत. त्यांच्यापुढे हे वाक्य ठेवलं तर सगळं बारगळेल. हा कागद काढून घ्या. बाकीच्यांना दिलंत, ते मी विसरतो. पहिल्या खेपेत तुमचं नाव राहील."

"नाही काढला तर?"

"तर नाव जाईल. ते माझ्या हातात नाही."

हर्षालीचं बोट अजून मशीनच्या ओळीवर होतं. चौदा महिने तिने ज्याची वाट पाहिली ते तिच्या हातात होतं. तिने मशीन बंद केलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"नाव काढा," ती म्हणाली. "अहवाल दोन्ही जातील. नवसाबाईंचा वर ठेवा. तो गाळलात तर आम्ही बाराही जण एकेक अहवाल पाठवू, आणि प्रत्येकात हेच वाक्य असेल."

रविराज चहा न घेता गेला.

पाच महिने पुण्याहून फोन आला नाही. हर्षालीनेही केला नाही. वाईट वाटतं का, असं भारत सरांनी एकदा विचारलं. "वाटतं," ती म्हणाली. "पण परत विचारलं तरी हेच करीन."

मग एका सकाळी कुरिअरवाला दारात उभा राहिला. "नवसाबाई इथेच राहतात का? मार्फत हर्षाली गांगुर्डे, असं लिहिलंय."

खोक्यात मशीन होतं, आधीच्यापेक्षा जाड आणि जड. तिने ते चालू केलं. ओळ उठली. तिने बोट ठेवलं आणि थबकली. ठिपके टपोरे, कडक, एकमेकांपासून लांब. एक अक्षर बोटाखाली मावेना. उजवी बाजू चाचपावी तर डावी सुटायची. पहिलीतल्या मुलीसारखी ती अडखळत राहिली. पाच मिनिटं झटून पहिला शब्दही पुरा होईना.

हर्षाली एकटीच हसायला लागली. तशीच हसत तिने पेठला फोन लावला.

"मावशी, उद्याच्या पहिल्या एसटीने या," ती म्हणाली. "मशीन आलंय. मला वाचता येत नाहीये."