मागे सरकवलेली पिशवी
जुनी पिशवी आधी द्यायची, हा रक्तपेढीचा नियम. तरी तंत्रज्ञ बाई गोठवलेल्या प्लेटलेट्सची एक पिशवी फ्रीजरमध्ये सारखी मागे सरकवायच्या. ती त्यांच्या नवऱ्याने दिलेली होती. स्वतःच्या लग्नालाही उशिरा पोचलेला तो माणूस जगातून मात्र घाईघाईने निघून गेला. आज तेवढी एकच शिल्लक होती आणि वॉर्डातून नर्स धावत आली. "बाई, बाळंतिणीचं रक्त थांबत नाहीये!" बाईंनी पिशवी कोमट पाण्यात ठेवली. हळूहळू बर्फ वितळला. बाहेर काढली तेव्हा ती नवऱ्याच्या तळहाताइतकी उबदार होती. बाईंच्या हातून सुटेना. "द्या ना, बाई!" त्यांनी दिली. संध्याकाळी फोन वाजला. "रक्त थांबलं! पिशवी अगदी वेळेवर पोचली." बाईंनी फ्रीजर उघडला. आत नुसतं धुकं होतं. "अहो, ऐकलंत का?" बाई रिकाम्या कप्प्याला म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदाच वेळेवर पोचलात."