आउट ऑफ स्टेशन

केक कापला की सूत्रं दुसऱ्याच्या हाती जाणार होती. ऊर्मीला जे काही करायचं होतं, ते त्याआधीच करायला हवं होतं.

तिने कोटाची बाही वर सरकवली. ती पुन्हा घसरून बोटांवर आली. जेवायला बसल्यापासून हेच चाललं होतं. खांद्यांवर जनरलच्या पदाची चिन्हं, समोर हॉलभर शिपाई मजेत जेवतायत, आणि तिच्या घशाखाली टर्कीचा एक घास उतरेल तर शपथ.

"साहेब, बटाटे?" यशोधन विचारत होते. पन्नाशीचा माणूस, एप्रनवर ग्रेव्हीचा मोठा डाग, हातात डाव. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या या ड्रिल हॉलमध्ये मराठी बोलणारे तिघंच. एक ते, एक ऊर्मी, आणि तिसरा शेवटच्या टेबलावर मान खाली घालून बसलेला ऋषी.

"नको."

"घ्या थोडे. रिकाम्या पोटी हुकूम सोडला की आवाज चिरकतो."

ते 'साहेब' म्हणाले की तिला कसंतरीच व्हायचं.

ऋषीचं ताट भरलेलं तसंच होतं. जेवण संपलं की त्याने युनिफॉर्म जमा करायचा, असं ठरलं होतं. ऑक्टोबरच्या सरावात फाटकावरचा पहारा त्याच्याकडे होता आणि तो उगवलाच नाही. वर स्वतःच मेसेज करून कळवलं की मी माझी जागा सोडली आहे. निदान सार्जंट-मेजर ग्रॅहमने तरी सगळ्यांना तसंच सांगितलं होतं. मेसेज तूच पाठवलास का, असं विचारल्यावर ऋषी सरळ हो म्हणाला होता. त्याला काढून टाकायला जनरलची मंजुरीही मिळाली होती.

ती मंजुरी फिरवायची तर आत्ताच.

कारण मेसेजचे नेमके शब्द ऊर्मीला आज सकाळी कळले होते. दोघं खुर्च्या मांडत होते तेव्हा ऋषीने ते सांगितले, आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

ग्रॅहमने ग्लासवर चमचा वाजवला. हॉल गप्प झाला. या माणसाने नुसता घसा खाकरला तरी शिपाई ताठ बसत.

जनरलचा प्रवास सांगायचं काम दरवर्षी त्याचंच. सतराव्या वर्षी साधा शिपाई म्हणून भरती. मॅनिटोबाच्या पुरात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून वाळूची पोती रचणं. अफगाणिस्तानातला एक अख्खा हिवाळा. आणि हे सगळं करून सोमवार ते शुक्रवार शाळेत केमिस्ट्री. इथे कुणी बेकर आहे, कुणी प्लंबर, कुणी दातांचा डॉक्टर, तो म्हणाला, सगळेच पोटापाण्याचं सांभाळून सैनिक झालेले. पण त्यातून जनरल होणं म्हणजे खायचं काम नाही. मग त्याने मधल्या टेबलाकडे वळून कडक सॅल्यूट ठोकला.

टाळ्याच टाळ्या. ऊर्मी कानापर्यंत लाल झाली. यशोधनना नेमकं तेव्हाच ग्रेव्हीचं भांडं पुसायचं सुचलं.

सोमवारी केमिस्ट्रीचा पेपर आहे, हे तिला आठवलं. त्याची काडीचीही तयारी झालेली नव्हती. जाऊ दे, ते नंतर.

"आता जनरलचा हुकूम," ग्रॅहम म्हणाला. मागून कुणीतरी गाण्याची फर्माईश केली. लोक हसायला लागले.

ऊर्मी उभी राहिली. खुर्ची मागे धाडकन पडली.

"ऋषीला काढायचं नाही," ती म्हणाली. आवाज चिरकलाच.

हसू विरलं. ग्रॅहमने खालच्या आवाजात समजावलं की मॅम, हा विषय आज नको. मुलाने पहारा सोडला आणि तसं स्वतः लिहून दिलं. यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

"काय लिहिलं त्याने? नेमके शब्द सांगा."

ग्रॅहमला ते पाठ होते. "आय ॲम आउट ऑफ स्टेशन."

यशोधनचा डाव हवेतच थांबला.

"बाबा फोनवर नेहमी हेच म्हणतात," ऊर्मी म्हणाली. "आउट ऑफ स्टेशन म्हणजे गावाला गेलोय. तुम्ही स्टेशन म्हणजे पहाऱ्याची जागा समजलात. त्याची आई विंडसरच्या हॉस्पिटलमध्ये होती. त्याला वाटलं, कळवलं की झालं."

सगळ्या माना शेवटच्या टेबलाकडे वळल्या.

"मग इथे काय म्हणतात त्याला?" ऋषीने हळूच विचारलं.

कुणीच हसलं नाही. ग्रॅहम पुटपुटला की मंजुरी होऊन गेली आहे. हे बोलताना तो ऊर्मीकडे बघत नव्हता. का कोण जाणे, त्याची नजर बटाट्यांकडे होती.

तेवढ्यात केक आला. सुरी तिच्या हातात दिली गेली. तिने ती नुसतीच धरून ठेवली.

"माझा हुकूम ऐकलात ना?"

"ऐकला, मॅम." ऐकला, एवढंच. मानला असं काही ग्रॅहम म्हणाला नाही.

अजून किती वेळ काढणार? तिने केक कापला.

यशोधननी डाव खाली ठेवला आणि एप्रनची गाठ सोडली. खाडकन सगळा हॉल उभा राहिला. ऊर्मीने कोटाची बटणं काढून तो त्यांच्यापुढे धरला. त्यांच्या अंगावर तो अगदी मापात बसला.

"दर डिसेंबरला सगळ्यात धाकटा शिपाई हा कोट चढवतो, माझ्याकडून वाढून घेतो आणि ग्रॅहमला गायला लावतो," जनरल यशोधन शेवटचं बटण लावत म्हणाले. "आजचा हुकूमही पाळला जाईल. ऋषी, युनिफॉर्म राहू दे अंगावर." मग ते ऊर्मीकडे वळले. "आणि तू, सोमवारी पहिल्याच तासाला पेपर आहे. माझ्या वर्गात आउट ऑफ स्टेशन चालत नाही."