रविवारची झोप

पॅसिफिकमधल्या टोंगा देशातल्या एका बेटावर मेरिल आणि आर्लीन हे सत्तरीतलं मिशनरी जोडपं आठवडाभर शाळेत गणित शिकवायचं आणि रविवारी चर्चमध्ये तीन-तीन प्रार्थनांना बसायचं.

"माझी पाठ धरलीये म्हणून कळव. एक रविवार तरी झोपू दे," मेरिल म्हणाले.

"देवाला फसवशील रे, पाद्री सेमिसींना कसं फसवणार?" म्हणत आर्लीनने निरोप धाडला.

तासाभरात बँड आणि भाजलेलं डुक्कर घेऊन अख्खं चर्च अंगणात हजर. "सर, तुम्ही उठेपर्यंत आम्ही गाणार!" सेमिसी गरजले.

पहिल्याच कडव्याला मेरिल ताडकन उठून दारात आले.

"चमत्कार!" सगळे ओरडले.


आता दर रविवारी पहाटे पाचलाच मेरिलच्या 'चमत्कारी' दारात बरं व्हायला आलेल्या पाठदुखीवाल्यांची रांग लागते; तिन्ही प्रार्थना त्यानंतर.