मोफत दुरुस्ती

"ब्रेक दाबला, बाबा, पण तो लागलाच नाही," असं सून दवाखान्यात रडून सांगत होती. लेकाने हौसेने घेतलेली आलिशान गाडी ती चालवत होती आणि लेक गेला, एवढंच सासऱ्यांना कळत होतं. त्यांनी तिला माहेरी धाडलं आणि पुन्हा तिचं तोंड पाहिलं नाही.

आज शोरूममधून फोन आला. "सर, तुमच्या मॉडेलच्या ब्रेकमध्ये दोष निघालाय. गाडी घेऊन या, मोफत बदलून देऊ."

"गाडी राहिली नाही," एवढंच ते म्हणाले. मग सुनेला फोन लावून त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं.

 

"माहितीये, बाबा," ती म्हणाली. "माझं तुम्हाला पटलं नसतं, म्हणून शोरूमवाल्यांना तुमचा नंबर मीच दिला."