नीलकंठचं पान

मागल्या अंगणात कावळ्यांसाठी दोन पानं शेजारी शेजारी मांडली होती. एक वडिलांचं, दुसरं नीलकंठचं. आणि नीलकंठ कुंपणाबाहेर धडधाकट उभा राहून आपलंच पान बघत होता.

तो ख्रिस्ती झाला, तेव्हा थोरल्या भावाने, श्रीपादने, त्याच्या नावाने तिलांजली देऊन टाकली. श्रीपादला दरबारची नोकरी, धार शहरातली चार घरं, इभ्रत सांभाळायची होती! तेव्हापासून दर सर्वपित्रीला त्याचंही पान मांडलं जाई. उद्या नीलकंठ मिशनच्या शाळेवर दूर कन्नौदला जाणार होता. आपण आईला, माईलाही, मेलोच का, एवढंच त्याला जाण्याआधी कळायला हवं होतं.

माई काठी घेऊन कुत्री हाकत होती. तिने त्याला पाहिलं. काठी तशीच राहिली.

"वाळलास रे," ती हळूच म्हणाली. "श्रीपाद आत भटजींपाशी आहे. मिशनात काय शिकवतोस?"

"येशूचे दाखले. ग्रीक भाषेत त्याला पाराबोले म्हणतात. म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या शेजारी ठेवायची. पाद्रीसाहेब म्हणतात, सांगणाऱ्याने नुसती ठेवावी, बघणाऱ्याने समजून घ्यावं."

घरातून तुपाचा वास आला. लहानपणी माई भोपळ्याचे घारगे तळायची, तेव्हा तो चुलीपासून हलत नसे. तोंड भाजायचं, माई रागवायची, आणि वर आणखी एक हातावर ठेवायची. काय दिवस होते ते!

त्याने पुन्हा पानांकडे पाहिलं. वडिलांच्या पानात त्यांचे लाडके बेसनाचे लाडू होते. त्याच्या पानात गवारीचा ढीग. गवार त्याने जन्मात कधी गिळली नव्हती. घारगा एकही नाही.

"माई, मला काय आवडतं तेसुद्धा विसरलीस? दादाने टाकलं ते ठीक. पण तू?"

"आत्ता काय सांगत होतास?" माई म्हणाली. "ही दोन्ही शेजारीच ठेवलीत ना? मग बघ की नीट!"

तो बघत राहिला. आतून श्रीपादने हाक मारली. माईने ओ दिली नाही. ती कुंपणापाशी आली.

"मेलेल्याला त्याच्या आवडीचं वाढतात, निळू. तुझ्या पानात मी ते एकदाही वाढलं नाही."