गाडी मागे कोण घेणार

गल्लीच्या एका टोकाने त्याचा ट्रक आला, दुसऱ्या टोकाने त्याच्या जुन्या पलटणीतल्या लोकांची गाडी. दोन्ही नेमक्या त्याच्या दारात तोंडाला तोंड लावून थांबल्या. मधे हातभर जागा उरली. एकाने मागे घेतल्याशिवाय दुसऱ्याला हलता येईना.

ज्याला न्यायचं होतं तो घरात चादरीखाली निवांत पडला होता. पहाटे झोपेतच गेला. बायको उशाशी बसून बाहेरचं सगळं ऐकत होती.

"सुभेदार, गाडी मागे घ्या," ढब्बू म्हणाला. ढब्बू म्हणजे बावीस वर्षं त्याच्याबरोबर ट्रक चालवणारा जोडीदार. "उस्ताद त्याच्याच ट्रकमधून जाणार. सकाळपासून घासून धुतलाय."

"तो आधी आमचा." सुभेदारांची सत्तरी उलटली होती, पण पाठ अजून काठीसारखी ताठ. "गोळी खाल्लेला माणूस आहे. सिमेंटच्या पोत्यासारखा नेणार का त्याला?"

"गोळी एकदा खाल्ली त्यानं. धूळ बावीस वर्षं खाल्ली."

"मागे हटायचं आम्हाला शिकवलेलं नाही."

"आणि भरल्या गाडीला रिकामीनं वाट द्यायची, हे आम्हाला शिकवलंय."

"तुमचा ट्रक कुठे भरलाय?"

"भरेल की. तुम्ही हला तर खरं!"

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

मुलगी आत आली. डोळे सुजलेले, आवाज चिडलेला. "आई, आता तूच सांग बाई. दोघं इरेला पेटलेत. दहाला निघायचंय, पावणेदहा झाले."

बायको गुडघ्यावर हात टेकून उठली आणि उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. बाहेरची बोलणी थांबली.

"वहिनी, तुम्ही म्हणाल तसं," सुभेदार म्हणाले.

"वहिनी, पण शेवटपर्यंत तो ट्रकवरच..." ढब्बू म्हणाला.

तिने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. पलटणीची अशीच एक गाडी लग्नानंतर अकराव्या दिवशी त्याला घेऊन गेली होती. आणि मुलगी झाली तेव्हा हा ट्रक कुठल्या रस्त्यावर आहे, हे तिला चार दिवस कळलं नव्हतं.

"तुम्ही म्हणता तुमचा, ढब्बू म्हणतो त्याचा," ती म्हणाली. "दोघांचंही खरं आहे. मी कधी भांडले का?"

"नाही वहिनी," दोघं एकदमच म्हणाले.

"मग आता मधे बोलू नका. कुणी मागे घेऊ नका आणि कुणी पुढे घेऊ नका. तासभर आहात तिथेच राहा. इंजिनं बंद करा."

"पण दहाची वेळ..."

"सुभेदार, जन्मभर वेळेवर निघत आले ते. आज उशीर झाला म्हणून त्यांना कोण ओरडणार आहे?"

सुभेदारांनी आपल्या ड्रायव्हरला खूण केली. ढब्बू ट्रकमध्ये चढला आणि त्याने चावी फिरवली. मागोमाग दुसरंही इंजिन थांबलं.

"तू यांना पाणी दे," ती मुलीला म्हणाली. "आत कुणाला सोडू नकोस."

तिने दार लावून घेतलं. तो घरात नसायचा तेव्हा सांगायच्या गोष्टी ती मनात साठवून ठेवायची. तो आला की हात धुतल्याबरोबर सुरू करायची, आणि तो दुसऱ्या गोष्टीलाच घोरायला लागायचा.

ती उशाशी बसली. चादरीची चुणी सारखी केली.

"अहो, मागच्या भिंतीला ओल आलीय," ती म्हणाली. "आपल्या धाकट्या लेकाने नोकरी सोडलीय. तुम्हाला सांगायला घाबरत होता."

घोरणं सुरू झालं का, हे तिने सवयीने ऐकून पाहिलं.

"आणि तिसरं म्हणजे..."