पाऊण टन

"अर्धा टनच घेणार आहे मी," मार्लिस म्हणाली आणि पांढऱ्या पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली.

तिचा बाप वर्लिन शेजारच्या पाऊण टनी, म्हणजे एक माप मोठ्या पिकअपपाशी उभा होता. तासाभरापासून तो तिथून हलला नव्हता.

मार्लिस नर्स होती. तेरा आठवडे या गावच्या इस्पितळात, तेरा आठवडे त्या. भाड्याच्या खोल्यांना कंटाळून तिनं ओढून न्यायचं घरच घ्यायचं ठरवलं. पंचवीस फुटी ट्रेलर पसंतही झाला होता, वर्लिनच्याच कारखान्यात बनलेला. आता तो ओढायला गाडी हवी होती. पुढच्या सोमवारी कोलोरॅडोत हजर व्हायचं होतं. इंडियानातून निघायचं आणि डोंगर चढून उतरायचे.

विकणारा जीन दोघांना ट्रेलरच्या दाराशी घेऊन गेला. तिथला पिवळा स्टिकर त्यानं मोठ्यानं वाचला. वजन एकावन्नशे पौंड. अर्धा टन हे नुसतं नाव, ती गाडी सात हजार पौंड आरामात ओढते, तो म्हणाला, उगाच जास्तीचं लोखंड कशाला घेऊन फिरायचं? मग त्यानं वर्लिनच्या छातीवर बोट टेकवलं. कारखान्याचं निळं जॅकेट होतं ते, त्यावर 'पंचवीस वर्षं' असं शिवलेलं. पंचवीस पूर्ण करणाऱ्यालाच ते मिळायचं. पेन्शनही त्यालाच.

"तुमच्या वडिलांनीच चिकटवलाय की हा," जीन म्हणाला. "आणखी काय खात्री पाहिजे?"

वर्लिननं कारणं सांगून पाहिली. आडवा वारा असतो. ब्रेक तापतात. मोठी गाडी जास्त वर्षं टिकते. मार्लिस हसली. म्हणाली, "बाबा, तुला ती स्वतःसाठी हवीय. रविवारी चर्चसमोर उभी करायला." मग हसू आवरून म्हणाली, "आणि मी काही कर्टिस नाही. उतारावर पंचावन्न मैलांच्या वर जाणार नाही."

वर्लिनची नजर पिवळ्या स्टिकरवर गेली.

कर्टिस तिचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी टेनेसीतल्या एका उतारावर त्याचा ट्रेलर मागून डुलायला लागला. डुलता डुलता त्या ट्रेलरनं पिकअपच फिरवली आणि दोन्ही दरीत गेली. दफनाच्या दिवशी वर्लिननंच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पोरगं पहिल्यापासून जोरात चालवायचं. लोकांनी माना हलवल्या. दोघांची आई लव्होन अजूनही जेवताना मधेच थांबून म्हणायची, सावकाश चालवलं असतं तर काय बिघडलं असतं त्याचं?

जीननं कागद पुढे केले. मार्लिसनं पेन उघडलं. वर्लिननं कागदावर पंजा ठेवला.

"स्टिकर खोटा आहे," तो म्हणाला.

जीन हसला. वर्लिन हसला नाही. खाली बघत, एकाच सुरात त्यानं सगळं सांगितलं. नव्या मॉडेलचा पहिला ट्रेलर तेवढा वजनकाट्यावर चढायचा. तोही एसी, बॅटरी, गॅसच्या टाक्या, सोफा आत जायच्या आधी. तोच आकडा मग हजार ट्रेलरवर चिकटायचा. पाणी, भांडीकुंडी, कपडे भरले की एकावन्नशेचे पावणेआठ हजार होतात. अर्धा टनी गाडी सपाटीला ते ओढते. उतारावर तेच वजन गाडीला ढकलत नेतं.

हे गावाला माहीत नव्हतं असं नाही. दर घरातलं एक माणूस त्या कारखान्यात होतं. रविवारी खोट्याविरुद्ध गाणी म्हणायची आणि सोमवारी स्टिकर चिकटवायचे. लामार नावाच्या एकानं एकदा विचारलं होतं, एसीचं वजन कुठं गेलं? त्याचं चोविसावं वर्ष चालू होतं. पुढच्या सोमवारी त्याच्या जागी दुसरा माणूस होता. त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. हजार ट्रेलर गेले तर नऊशे नव्व्याण्णव पोचतात, असं म्हणून वर्लिन रोज झोपत आला.

जीनला अचानक एक फोन आठवला. तो ऑफिसात गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

मार्लिसनं पेनचं टोपण लावलं. ती पांढऱ्या पिकअपकडे वळली.

"कर्टिसची पण अर्धा टनीच होती," ती म्हणाली.

"हो."

"इथूनच घेतली होती. तू बरोबर आला होतास."

वर्लिननं मान हलवली.

"त्यानं विचारलं होतं तुला? स्टिकरचं?"

"विचारलं होतं. मोठी घेऊ का, म्हणाला. जीन शेजारीच उभा होता."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, स्टिकर बरोबर आहे. मीच चिकटवलाय."

मार्लिसचा आवाज चढला नाही. इस्पितळात नातेवाइकांशी बोलते तशी ती बोलली. "आज मला खरं सांगतोयस. मग त्याला का नाही सांगितलंस?"

वर्लिनचा हात जॅकेटवर गेला. शिवलेल्या अक्षरांवर तो तसाच राहिला.

"पंचवीस पूर्ण व्हायला तेव्हा आठ महिने राहिले होते."